दहा रुपयांची कोथिंबीर आणि दरमहाचा हप्ता

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आंब्याची डाळ आणि पन्हे समोर असताना ही बाई पैशांच्या गोष्टी काय काढते, असे काही जणींच्या मनात आले असेल. पण विषय मी निवडलेला नाही, तो तुम्हीच माझ्या दारात आणून टाकला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या शेअर बाजाराचा सेन्सेक्स ८५ हजारांच्या वर गेला होता. मार्च २०२५ च्या सुरुवातीस तो ७३ हजारांच्या आसपास उतरला. त्या दिवसांत आपल्या मंडळातल्या पाच-सहा जणी एकामागून एक येऊन मला एकच विचारून गेल्या, "अहो वहिनी, तो म्युच्युअल फंडाचा हप्ता बंद करू का? पैसे कमी दिसायला लागलेत." प्रत्येकीला उंबऱ्यावर उभ्याउभ्या सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांपुढे बोलावे, असे अध्यक्षाबाईंनी सुचविले, म्हणून मी उभी राहिले आहे.

आधीच सांगून ठेवते, मी कोणत्याही कंपनीची एजंट नाही, आणि माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण सातवीला त्रैराशिक आणि सरासरी शिकविलेली होती, आणि या विषयाला त्याहून जास्त गणित लागत नाही. २०१८ सालापासून मी दरमहा हजार रुपयांचा हप्ता भरते आहे, तेवढ्या अनुभवाच्या बळावर बोलते.

दरमहा ठरावीक रक्कम, भाव काय आहे ते न पाहता, एकाच वस्तूत घालीत राहावयाची, एवढीच ही रीत आहे. आपल्याकडे तिला एसआयपी म्हणतात. अमेरिकेत तिला डॉलर कॉस्ट अॅव्हरेजिंग असे लांबलचक नाव आहे. बेंजामिन ग्रॅहॅम नावाच्या गृहस्थांनी 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' या १९४९ साली प्रथम निघालेल्या पुस्तकात सामान्य माणसासाठी या रीतीविषयी लिहिले आहे. पुढे १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने तिमाहीस चाळीस डॉलरइतक्या लहान हप्त्यापासून शेअर घेण्याची योजनाच काढली होती. म्हणजे ही काही काल-परवाच्या मोबाइलमधून निघालेली टूम नव्हे.

नाव परदेशी असले तरी ही रीत तुम्ही रोज मंडईत पाळता. आपण भाजीवालीला "पाव किलो कोथिंबीर दे" असे कधी म्हणतो का? आपण म्हणतो, "दहा रुपयांची दे." पावसाळ्यात दहा रुपयांत चार काड्या हातावर येतात, आणि त्या आपण जपून वापरतो. थंडीत त्याच दहा रुपयांत पिशवीत मावणार नाही एवढी जुडी येते. आपण काही हिशेब मांडीत नाही, तरी महागाईत कमी आणि स्वस्ताईत जास्त घेतले जाते, ते आपोआप. नोट तीच असते, जुडी मात्र लहानमोठी होते.

आता हेच आकड्यांत पाहा. एका घरात दोन जावा आहेत असे धरा. तूरडाळ एका महिन्यात १०० रुपये किलो, दुसऱ्यात १५०, तिसऱ्यात ७५ आणि चौथ्यात १२०. थोरली जाऊ शिस्तीची, ती दरमहा सहा किलो घेते. तिने चार महिन्यांत २४ किलो डाळ घेतली आणि २,६७० रुपये मोजले, म्हणजे किलोला सव्वाअकरा कमी सव्वाशे नव्हे, नीट सांगते, १११ रुपये २५ पैसे पडले. धाकटी दरमहा फक्त ६०० रुपयांची डाळ आणते. तिला पहिल्या महिन्यात ६ किलो मिळाली, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ८ आणि चौथ्यात ५. एकूण २,४०० रुपयांत २३ किलो, म्हणजे किलोला १०४ रुपये आणि काही पैसे. किलोमागे जवळजवळ सात रुपयांचा फरक पडला. धाकटी हुशार होती म्हणून नव्हे, तिची नोट ठरलेली होती म्हणून. स्वस्त महिन्यात तिच्या पदरात जास्त डाळ पडली, आणि सरासरी काढताना त्या जास्तीच्या डाळीचे वजन जास्त धरले गेले.

गुरुपुष्यामृताला गुंजभर सोने घेण्याची आपल्याकडची चाल या रीतीची चुलत बहीण समजा. मुहूर्त बघून घेणारी बाई भाव बघून थांबत नाही, हा तिच्यातला मोठा गुण. फक्त आपण सोने वजनावर घेतो, थोरल्या जावेसारखे. रुपयांवर घेतले असते तर धाकटीसारखे झाले असते.

म्युच्युअल फंडात डाळीऐवजी युनिट मिळतात. पुष्कळ लोकांचे पैसे एकत्र करून फंड अनेक कंपन्यांचे शेअर घेतो, आणि त्या साठ्याचे जे लहान लहान वाटे पडतात त्यांना युनिट म्हणावयाचे. वाट्याचा भाव रोज बदलतो. मी ज्या फंडात पैसे घालते तो निफ्टीतल्या ५० कंपन्यांचे शेअर जसेच्या तसे घेतो. माझ्या वहीत पाहिले तर २०२० च्या जानेवारीत हजार रुपयांना नऊ युनिट आणि थोडे वर मिळाले होते. एप्रिल २०२० मध्ये त्याच हजारात बारा युनिटांच्या वर मिळाले. २०२१ च्या जानेवारीत आठसुद्धा पुरे मिळाले नाहीत. ज्या एप्रिलमध्ये सारे जग दार लावून बसले होते, तोच माझ्या वहीतला सर्वांत मोठ्या जुडीचा महिना.

हे ऐकायला गोड वाटते. पण त्या एप्रिलमध्ये आपल्या इचलकरंजीत काय होते ते आठवा. माग बंद पडलेले. रात्री खडखडाट नाही म्हणून झोप येईना, असे माझ्या सासूबाई म्हणत. आमचे हे मागावर जॉबर, आठवड्याचा पगार थांबलेला. कांड्या भरून घर चालविणाऱ्या बायकांच्या घरात तर डबे खडखडीत वाजू लागले. २३ मार्च २०२० या एका दिवसात सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडून २५,९८१ वर आला. जानेवारीत तो ४२ हजारांच्या जवळ होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा ४२ हजारांच्या वर गेला, पण एप्रिलमध्ये हे कोणाला ठाऊक होते?

आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींनी तेव्हा हप्ता बंद केला आणि असलेले युनिटही विकून टाकले. त्यांना तोटा झाला. मागाहून पुष्कळ जणी म्हणाल्या, "घाबरली, थांबायला हवे होते." मला हे बोलणे मुळीच पटत नाही. त्या घाबरल्या नव्हत्या, त्यांच्या घरात तांदूळ संपला होता आणि दवाखान्याची उधारी होती. भूक लागलेल्या माणसाला "बाजार वर येईल" असे सांगून काय उपयोग? आमच्या घरात हप्ता चालू राहिला तो मी धीराची म्हणून नव्हे. आमच्याकडे बँकेत चार महिन्यांच्या किराणा-भाड्याची रक्कम वेगळी ठेवलेली होती, आणि घरभाडे, दूध, डाळ-तांदूळ त्यातून भागले. हप्ता हजाराचाच होता, म्हणून तो निभला. दोन हजारांचा असता तर मलाही थांबवावा लागला असता.

म्हणून माझे सांगणे असे, की या रीतीत लाभ होतो तो बाजार पडलेला असताना चालू राहिल्याने, आणि बाजार बहुधा अशाच वेळी पडतो जेव्हा आपल्या कामधंद्यावरही संकट आलेले असते. दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात. तेव्हा हप्ता केवढा असावा हे पगार बरा चालू असतानाच्या महिन्यावरून ठरवू नका, माग बंद पडलेल्या महिन्यावरून ठरवा. आधी तीन-चार महिन्यांची रक्कम साध्या बँकखात्यात किंवा पोस्टात, आणि मग हप्ता. ज्या भगिनीजवळ ती रक्कम नाही, तिने हप्ता सुरूच करू नये, असे माझे मत आहे. एजंट असे सांगत नाहीत. त्यांना फॉर्म भरून हवा असतो.

आता मार्चमध्ये मला विचारावयास आलेल्या भगिनींना माझे उत्तर काय? ज्यांचे घर नीट चालले आहे आणि पैसा सात-आठ वर्षे लागणार नाही, त्यांनी बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. भाव उतरला म्हणजे जुडी मोठी झाली, एवढेच झाले. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्सने २१ हजारांना हात लावला, मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या आसपास होता, आणि पुन्हा २१ हजार दिसावयास नोव्हेंबर २०१० उजाडावा लागला. एकदम शिखरावर सर्व पैसे घातले त्याला जवळजवळ तीन वर्षे मुद्दल मिळण्याची वाट पाहावी लागली. दरमहा घालणाऱ्याने मधल्या काळात ८ हजारांवरही घेतले, ९ हजारांवरही घेतले, त्यामुळे तो त्याच्या पुष्कळ आधी वर आला.

परंतु प्रत्येक वेळी असेच होईल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. जपानचे उदाहरण घ्या. तिथला निक्केई नावाचा निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. तो आकडा ओलांडावयास २०२४ चा फेब्रुवारी आला, म्हणजे ३४ वर्षे गेली. तेवढ्यात एक पिढी म्हातारी होते. हप्त्याने घेणाऱ्यांना मधली स्वस्ताई मिळाली हे खरे, तरी त्यांनाही वर्षानुवर्षे तोंड मिटून बसावे लागले. तेव्हा मुलीच्या लग्नाचा, घराच्या पागडीचा, सगळाच्या सगळा पैसा या एका जागी ठेवू नये. पोस्टाची आवर्ती ठेव, सुकन्या समृद्धी, बँकेची मुदत ठेव या आपल्या जागी आहेतच. त्यांत जुडी लहानमोठी होत नाही, पण सांगितले तेवढे व्याज मिळते.

दुसरी एक गोष्ट फार जणींच्या ध्यानात येत नाही. हप्त्याची ढाल पहिल्या काही वर्षांत मोठी असते, पुढे पुढे ती लहान होत जाते. पहिल्या वर्षी तुमचे बारा हजार आत असतात, बाजार पडला तर पुढचा हजाराचा हप्ता बऱ्यापैकी भरपाई करतो. दहा वर्षांनी आत १ लाख २० हजार तुमचेच असतात, वर जी काय वाढ झाली असेल ती वेगळी. त्या वेळी बाजार पडला तर एवढ्या मोठ्या साठ्याला एका हजाराचा हप्ता काय सावरणार? घागरभर पाण्यात लिंबाचा एक थेंब. म्हणून ज्या वर्षी पैसा लागणार आहे, त्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून तो थोडाथोडा काढून मुदत ठेवीत घालावयास लागावे. जसा हप्त्याने घातला तसाच हप्त्याने काढावा. मुहूर्त मे महिन्यातला आणि बाजार एप्रिलमध्ये पडला, तर मांडववाला थांबत नाही.

तिसरा प्रश्न आपल्या एका थोरल्या भगिनींनी विचारला होता. यजमानांच्या निवृत्तीचे पैसे एकदम हाती आले आहेत. ते एकदम घालावे की बारा महिन्यांत वाटून? इथे मला खरे ते सांगितले पाहिजे, जरी ते हप्त्याच्या बाजूचे नसले तरी. बाजार चढतो त्या काळात वाटून घालणाऱ्याला दर महिन्याला महाग मिळत जाते, आणि पहिल्याच दिवशी घालणारा पुढे जातो. अमेरिकेतल्या व्हॅनगार्ड या फंड कंपनीने २०१२ साली अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातले जुने आकडे काढून हे तपासले होते. सुमारे तीन वेळांपैकी दोन वेळा एकदम घालणाराच पुढे निघाला, असे त्यांना आढळले. त्याचे कारण साधे आहे, बाजार उतरण्यापेक्षा चढण्यात जास्त काळ घालवितो, आणि वाटून घालणाऱ्याचे उरलेले पैसे तोवर बाहेर बसलेले असतात.

तरीही त्या भगिनींना मी वाटूनच घाला म्हणेन, आणि तेही जेवढे सात-आठ वर्षे लागणार नाहीत तेवढेच. कारण उरलेली तिसरी वेळ त्यांच्या वाट्याला आली, तर ती सोसावयास त्यांच्याजवळ पुढचा पगार नाही. दुसऱ्या महिन्यात दहा लाखांचे सात लाख दिसले की माणूस सारे काढून घेतो आणि पुन्हा त्या दाराकडे फिरकत नाही. वाटून घालण्याने थोडा लाभ कमी झाला तर तो रात्रीच्या झोपेचा मोबदला समजावा. आपल्यापैकी बहुतेकींना मात्र हा प्रश्नच नाही. आपल्याकडे एकदम घालावयास पैसे असतात कुठे? घरखर्चातून दरमहा जे उरते तेच आपले भांडवल, आणि ते हप्त्यानेच येते.

इथे एक धोका सांगून ठेवते. "भाव उतरला की जास्त मिळते" हे ऐकून कोणी एकाच कंपनीचे शेअर उतरत्या भावाने घेत बसू नका. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये उडावयाची थांबली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. तिचा शेअर उतरत असताना स्वस्त झाला म्हणून दरमहा घेणाऱ्याला दर महिन्याला जास्त शेअर मिळाले असतील, पण कसले? सडक्या कोथिंबिरीची जुडी कितीही मोठी असली तरी आमटीत घालता येत नाही. पन्नास कंपन्यांच्या टोपलीत एखादी सडली तर तिला काढून दुसरी घालतात. सेन्सेक्समध्येही तीस कंपन्या आहेत, आणि आज असलेल्या साऱ्या पहिल्यापासूनच्या नाहीत. १९७८-७९ साल १०० धरून मोजलेला तो आकडा ८५ हजारांवर गेला, तो अशी निवड बदलत बदलत.

आणि जो कोणी "महिन्याला ठरलेला परतावा, पैसे दामदुप्पट" म्हणून दारात येईल, त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा. म्युच्युअल फंड सेबी या सरकारी संस्थेच्या नियमांखाली चालतात, आणि शेअरच्या फंडाला ठरलेल्या परताव्याचे वचन देताच येत नाही. वचन देतो तो फंड नव्हे, हे ओळखण्याची तीच खूण.

सासूबाईंनी मला एकदा विचारले होते, "पैसे देतेस ते दिसत कुठे नाहीत. पाटली असती तर हातात दिसली असती." मी त्यांना वही दाखविली. त्या म्हणाल्या, "वही गहाण ठेवून कोण पैसे देईल?" आता युनिट तारण ठेवूनही बँका कर्ज देतात, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतेच. न दिसणारा पैसा बाईचा आहे हे घरातल्यांनाही विसरावयास होते. म्हणून खाते स्वतःच्या नावावर असावे, वारस म्हणून कोणाचे नाव लावले ते लिहून ठेवावे, आणि कागद कोणत्या डब्यात आहेत ते मोठ्या मुलाला किंवा मुलीला ठाऊक असावे. यजमान भरतात आणि आपण सही करतो, असे असेल तरी निदान दर सहा महिन्यांनी किती युनिट झाले ते विचारावे. युनिट विचारावे, किंमत नव्हे. किंमत वरखाली होते, पण हप्ता चालू असेल तर युनिट दर महिन्याला वाढलेच पाहिजेत. वाढले नसतील तर हप्ता चुकला आहे, असे समजावे.

शेवटी थोडे व्यवहाराचे. हप्त्याची तारीख पगार जमा झाल्यावर चार-पाच दिवसांनी घ्या. त्या दिवशी खात्यात रक्कम नसली तर बँक दंड कापते, आणि लागोपाठ तीन महिने चुकले तर हप्ता आपोआप बंद पडतो. अडचण येणार असे दिसले तर आधीच कळवून काही महिने थांबविण्याची सोय पुष्कळ फंडांत असते. पाचशे रुपयांपासून सुरुवात करता येते, काही ठिकाणी त्याहूनही कमी चालते. पॅनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक आणि एक फोटो लागतो. येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे, माझी मुलगी मोबाइलवरचे समजावून देईल. ज्या भगिनी हप्ता बंद करावा म्हणतात त्यांनीही यावे, आणि येताना घरखर्चाची वही घेऊन यावे.